रजई, चौकट आणि सुई

गोधडी शिवणारी आपल्याकडील आजी भुईवर जुनीं लुगडीं अंथरी, त्यांच्या कडेला बसे आणि धावदोरा घालीत घालीत पुढें सरके. कापड जागचें हलत नसे. हलत असे ती आजी. ही साधी गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे अमेरिकेंतील रजई शिवणाऱ्यांमध्यें अनेक वर्षें चाललेला एक वाद समजणें सोपें जातें. तो वाद असा कीं, रजईवर टीप घालावी ती घरच्या शिवणयंत्रावर, कीं ‘लाँगआर्म’ म्हणजे लांब हाताच्या मोठ्या यंत्रावर ?

रजईला तीन थर असतात. वर रंगीत तुकडे जोडून केलेला दर्शनी थर, मध्यें कापसाचा किंवा लोकरीचा भराव, आणि खालीं अस्तर. या तिघांना एकत्र बांधणारी शिवण हाच रजईचा प्राण होय. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील खेड्यापाड्यांतून हें काम चार लांकडी पट्ट्यांच्या चौकटीवर चाले. रजई तीवर ताणून बसवीत आणि शेजारच्या बायका भोंवतीं बसून हातानें टांके घालीत. काम होई, आणि सुखदुःखाच्या गोष्टीही होत.

या घरांत यंत्र शिरलें तें हळूहळू. इलायस हौ यानें १८४६ सालीं दोन दोऱ्यांच्या टिपेच्या यंत्राचें पेटंट घेतलें. १८५१ सालीं आयझॅक सिंगर यानें आपल्या यंत्राचें घेतलें. १८५६ मध्यें सिंगरच्या कंपनीनें हप्त्यांनीं पैसे घेण्याची सोय केली, तेव्हां हें महाग यंत्र मध्यम स्थितींतील कुटुंबांच्याही आटोक्यांत आलें. गंमत अशी कीं, त्या काळच्या कित्येक बायका यंत्राची टीप लपवीत नसत. उलट ती चांगली दिसेल अशी घालीत. घरांत यंत्र असणें हें भूषण होतें. यंत्र घरोघर झाल्यावर मात्र हातच्या टांक्याचें माहात्म्य वाढलें. जें दुर्मिळ त्याला मान, हा जगाचा न्यायच आहे.

परंतु घरच्या यंत्रानें एक उलटापालट केली. त्यांत सुई एकाच जागीं वरखालीं होते आणि कापड तिच्याखालून फिरवावें लागतें. सुई आणि यंत्राचा खांब यांच्यामधील जागा बहुधा सहा ते नऊ इंच. आणि पलंगावर घालावयाची रजई सात-आठ फूट रुंद! ती गुंडाळून त्या फटींतून सरकवितांना खांदे भरून येतात. थर हलूं नयेत म्हणून ते आधीं टाचून घ्यावे लागतात. वेलबुट्टी काढावयाची तर कापड ओढणारे दाते खालीं उतरवून कापड दोन्ही हातांनीं फिरवावें लागतें. हाताची आणि यंत्राची गति जुळली नाहीं कीं टांके लहानमोठे पडलेच. या कौशल्याला मोठा मान मिळाला तो १९८९ सालीं. केंटकी राज्यांतील पडूका येथें अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनांत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरील रजईस सर्वोत्तम रजईचें पारितोषिक मिळालें. यंत्रानें टीप घातलेल्या रजईला तेथें हें पारितोषिक प्रथमच मिळत होतें. हाताच्या कामाचे अभिमानी रुष्ट झाले, हें सांगणें नकोच.

लांब हाताच्या यंत्राचा प्रसार साधारणपणें याच सुमारास सुरू झाला. यांत रजईचे थर दहा-बारा फूट लांब चौकटीवरील रुळांना गुंडाळलेले असतात, म्हणून ते टाचावे लागत नाहींत. यंत्रालाच चाकें असतात. मुठी धरून तें कापडावरून फिरवावयाचें. सुईपुढील जागा अठरापासून तीस इंचांपर्यंत असते. पुढें टांक्यांची लांबी सारखी राखणारी योजना निघाली, आणि त्यानंतर तर संगणकच यंत्र फिरवूं लागला.

यावर आक्षेप असा कीं, येथें हात उरला कोठें ? पण थोडें मागें वळून पाहिलें तर दिसतें कीं, जुनी चौकटच नव्या वेषांत परत आली आहे. कापड पुन्हां स्थिर झालें आणि सुई पुन्हां फिरती झाली. घरचें यंत्र हाच या परंपरेंतील अपवाद होता. परत आलें नाहीं तें चौकटीभोंवतींचें मंडळ. आतां त्या बारा फुटांपुढें बहुधा एकटीच बाई उभी असते.

शिवाय हें यंत्र हजारों डॉलर किंमतीचें. म्हणून दर्शनी थर एकीनें जोडावा आणि टीप दुसरीनें चौरस इंचाच्या दरानें घालून द्यावी, असा धंदा उभा राहिला. मग ती रजई कोणाची ? माझ्या मतें या वादाचें मर्म येथें आहे. यंत्राच्या लांबीरुंदींत नाहीं. प्रदर्शनांनीं स्थिर आणि फिरत्या यंत्रांच्या कामांसाठीं निरनिराळे वर्ग केले, तें योग्यच झालें. पण त्याहून मोलाची अशी एक चाल पडली आहे : जोडणारी आणि टीप घालणारी, दोघींचींही नांवें लिहावयाचीं.

जुन्या चौकटीभोंवतीं बसणाऱ्या बायकांचीं नांवें बहुधा कोणी लिहून ठेविलीं नाहींत. आपल्या गोधडीवरही आजीचें नांव नसे. पैशानें करून घेतलेल्या टिपेनें मदतनीस बाईला निदान नांव मिळवून दिलें, ही गोष्ट यंत्राच्या खात्यावर जमेकडे मांडावयास हरकत नसावी.