तेच ते

२००८च्या जूनमध्ये आमच्या घरी कॉम्प्युटर आला. दहावीला बरे मार्क पडले तर घेऊन देईन, असं बाबा बोलून बसले होते आणि मार्क पडले. तालुक्याच्या गावातल्या, असेम्बल करून देणाऱ्या एका दुकानदाराशी ठरलं होतं 'कोअर टू ड्युओ'चं. बिलावर आलं 'ड्युअल कोअर'. बाबांनी विचारलं तर तो म्हणाला, "तेच ते, काका. दोन कोअर म्हणजे दोन कोअर."

पंधरा दिवसांनी पुण्याहून आतेभाऊ आला. तो इंजिनिअरिंगला. 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून त्याने प्रॉपर्टीज उघडल्या आणि हसला. "मामा, फसवलं तुम्हाला. हा पेन्टियम आहे."

बाबा काहीच बोलले नाहीत. मी मात्र बोललो. "नीट बघून घ्यायचं ना!" हे वाक्य मी पुढची दोन वर्षं, मशीन जरा अडकलं की, त्यांना ऐकवत होतो.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये बहुधा आठ कोअर असतील. त्या काळी दोन ही बातमी होती, आणि ती बातमी यायला एक मोठी फजिती कारणीभूत झाली होती.

२०००च्या आसपास इंटेलचा सगळा भर गिगाहर्ट्झवर होता. पेन्टियम ४ची रचनाच अशी की एकेक काम बारीक बारीक टप्प्यांत तोडायचं आणि घड्याळ जोरात पळवायचं. हीच रचना पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल अशी भाषा होती. २००४च्या 'प्रेस्कॉट' चिपमध्ये टप्पे ३१ झाले. पुढच्या कामाचा अंदाज चुकला की एवढी सगळी रांग रिकामी करून पुन्हा भरायची! शिवाय ट्रान्झिस्टर लहान केले तसा त्यांतून फुकट गळणारा करंट वाढला. चिप तापायला लागली. मे २००४मध्ये इंटेलने पुढची 'तेहास' चिप रद्द केली आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियमही. त्यावेळचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑरलँडोच्या एका परिषदेत स्टेजवर गुडघे टेकून गमतीत माफी मागितली. गाडी ३.८वर थांबली.

एक बैल आणखी पळत नाही, तर दोन जुंपा. मे २००५मध्ये पेन्टियम डी आला. तो घाईचा संसार होता. दोन प्रेस्कॉट शेजारी शेजारी, पण एका घरात दोन चुली. या कोअरला त्या कोअरशी बोलायचं तर निरोप बाहेर मदरबोर्डवरच्या चिपसेटकडून फिरून यायचा. वरच्या मॉडेलची उष्णता १३० वॉटच्या घरात. त्याच महिन्याअखेरीस एएमडीने अॅथलॉन ६४ एक्स२ जाहीर केला. त्यात दोन्ही कोअर चिपच्या आतच एकमेकांशी बोलत, आणि इंटेलची चांगलीच अडचण झाली.

सुटका झाली ती इस्राएलमधल्या हैफाच्या गटामुळे. या गटाचा 'तिम्ना' नावाचा स्वस्त प्रोसेसर २०००मध्ये बाजारात यायच्या आधीच गुंडाळला गेला होता. मग त्यांनी लॅपटॉपसाठी पेन्टियम एम केला, २००३मध्ये. लॅपटॉपला बॅटरी पुरवून वापरायची असते, म्हणून त्यांनी घड्याळ पळवण्याऐवजी प्रत्येक ठोक्याला जास्त काम काढलं. हीच काटकसर पुढे डेस्कटॉपवर आली. २७ जुलै २००६ला 'कोअर टू ड्युओ' बाजारात आला. आतल्या गोटातलं डेस्कटॉप चिपचं नाव 'कॉनरो'. २९.१ कोटी ट्रान्झिस्टर, २.४ गिगाहर्ट्झचा ई६६०० आणि उष्णता ६५ वॉट. मुख्य म्हणजे दोन्ही कोअरना मिळून ४ एमबीची एकच कॅश. चुली दोन, पण कोठीची खोली सामाईक. एक कोअर रिकामा असेल तर दुसऱ्याला सगळी कोठी वापरता येई. रॅमकडे जाणं म्हणजे बाजारात जाणं. जितकं घरात सापडेल तितका वेळ वाचला.

आणि इथेच आमच्या बिलाचा मुद्दा येतो. कॅश चिपवर भरपूर जागा खाते. त्यात कुठे दोष निघाला तर तेवढा भाग बंद करून उरलेली चिप स्वस्तात विकता येते. कधी दोष नसतानाही बंद करतात, कारण स्वस्त मालालाही गिऱ्हाईक असतं. ई६३००ला २ एमबी. जानेवारी २००७मध्ये ई४३००, १.८ गिगाहर्ट्झ, २ एमबी, नाव कोअर टू ड्युओ. जूनमध्ये ई२१६०, तोही १.८ गिगाहर्ट्झ, ८००चीच बस, फक्त कॅश १ एमबी. नाव मात्र 'पेन्टियम ड्युअल कोअर'. पुढच्या जानेवारीत ५१२ केबी ठेवून सेलेरॉन ई१२००. एकाच घराण्यातली भावंडं, आडनावं तीन.

आमच्याकडचा होता ई२१६०. म्हणजे पेन्टियम ४चा किंवा पेन्टियम डीचा वंशज तो नव्हताच. ई४३००ची निम्मी कोठी कुलूपबंद केली की उरतो तो. हौशी लोकांनी हाच चिप ३ गिगाहर्ट्झच्या आसपास पळवला. गेममध्ये फरक पडायचा, पण अँटिव्हायरसचं स्कॅनिंग चालू असताना वर्डमध्ये टायपिंग न अडकता व्हायचं. हे सुख दोन कोअरचं होतं आणि ते आम्हाला पूर्ण मिळालं होतं. मशीन अडकायचं ते ५१२ एमबी रॅममुळे. हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा दुकानदाराचं "तेच ते" खोटं होतं का? सिलिकॉनपुरतं बोलायचं तर बऱ्यापैकी खरं होतं. पण ठरलेली वस्तू दिली नाही, आणि दोन नावांतला घोळ आपल्याला सोयीचा आहे हे त्याला नक्की ठाऊक होतं. 'ड्युअल कोअर' हे वर्णन आहे की ब्रँड, हे गिऱ्हाइकाला कळू नये अशीच ती नावं होती, असं माझं मत. पुढे शेपूट गळून नुसतं 'पेन्टियम' उरलं.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना तो कॅबिनेट खाली काढला. पंखा उचकटून, वाळलेली पेस्ट पुसून चिप बाबांच्या हातावर ठेवली आणि हे सगळं त्यांना सांगितलं. नीट बघून घ्यायचं ना, हे माझं वाक्यही आठवून दिलं. त्यांनी चष्मा लावून वरची अक्षरं वाचली.

"म्हणजे चांगला होता?"

"चांगला होता, बाबा."

"मग पैसे त्याने ह्याचे घेतले की त्या दुसऱ्याचे?"

बिल त्यांच्या फाइलमध्ये होतंच, वीजबिलांच्या मागे. काढून पाहिलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट, सगळं एकाखाली एक लिहिलेलं, आणि आकडा फक्त एक. सगळ्यांचा मिळून.