मिजाज, जनुके आणि एक चूल

मराठीत मिजास म्हणजे तोरा. युनानी हकीम त्याच मूळ अरबी शब्दाला, मिजाजला, माणसाची प्रकृती म्हणतात. गेल्या ईदला म्हसळ्यात मामूंच्या घरी हा शब्द मला आठवला. वजन उतरत नाही म्हणून माझ्या मामेभावाने मुंबईत लाळेची आणि शौचाची तपासणी करून घेतली होती. जनुके आणि आतड्यांतले जिवाणू पाहून आलेल्या अहवालात तांदूळ वर्ज्य होता. "मग आता दोन चुली मांडू का?" मामी विचारत होत्या.

प्रत्येकाचे पथ्य वेगळे, हा विचार नवा नाही. इब्ने सीना (980-1037) यांनी 'अल-कानून'मध्ये लिहिले की मिजाज माणसागणिक, वयागणिक, मुलखागणिक वेगळा असतो. हिंदुस्थानी माणसाचा निरोगी मिजाज स्लाव माणसाच्या मिजाजाहून निराळा. एकाचा दुसऱ्याला आला तर तो आजारी पडेल.

मुलखागणिक शरीर बदलते, याचा आधुनिक पुरावा पुण्याने दिला. 1993 पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5. पण या हडकुळ्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. 2004 मध्ये 'लॅन्सेट'ने याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय 22.3, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

मग एकेका माणसाचे पथ्य अहवाल सांगू शकतो का? 2015 मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी 800 जणांची साखर आठवडाभर मोजली. एकच पदार्थ खाऊन कुणाची साखर उसळली, कुणाची नाही. आतड्यांतल्या जिवाणूंची माहिती घेतल्यावर त्याचा अंदाज बांधता आला. पण तो अंदाज साखरेचा होता, वजनाचा नव्हे. 2018 मध्ये स्टॅनफर्डने 609 जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी पिठूळ आहार दिला. दोन्हीकडे वजन उतरले, पण कुणाला कोणता आहार लागू पडेल हे त्यांनी तपासलेल्या जनुकांवरून सांगता आले नाही.

मामूंचे आजोबा बोटीवर खलाशी होते, वडील कुवेतला गेले. घरात तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण तेच राहिले; पायी चालणे सुटले, आणि पगाराबरोबर मैदा, तळण आणि थंड पेये आली. एवढ्या पिढ्यांत जनुके बदलत नाहीत, ताट बदलते. जिवाणूही त्याच ताटावर जगतात.

मी मामींना म्हटले, "चूल एकच ठेवा. भाकरी राहू दे, थंड पेयांच्या बाटल्या बंद करा. आणि त्याची कंबर आणि उपाशीपोटीची साखर मोजून घ्या." याज्ञिकांचा धडा हाच आहे: वजनकाट्यावर दिसत नाही, तेही आपल्या अंगात असते.