गावाने आडनाव दिले, जमीन किती दिली?



हल्ली आपल्या घरांत एक प्रश्न वारंवार निघतो. नातवंडे भारतात फिरायला जातात, किहीम-अलिबागला दोन दिवस राहतात, तिथल्या बंगल्यांचे भाव ऐकून परत येतात आणि विचारतात, "सबा, आपली तिथे वाडी होती ना? मग ती कवडीमोलाने का सोडलीत?" आमच्या घरीही हा प्रश्न निघाला आणि उत्तर देताना आम्ही अडखळलो. म्हणून जुने कागद काढले, वडीलधाऱ्यांचे बोलणे आठवले. त्यातून जे उमगले ते इथे मांडतो.

आवास, किहीम, थळ, नवगाव ही गावे नकाशावर बेट नाहीत, पण आपल्या आजोबांच्या काळी ती बेटासारखीच होती. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला आणि पूर्वेला धरमतरची खाडी, दक्षिणेला रेवदंड्याची खाडी. मुंबई समोर दिसे, पण जायचे ते पाण्यावरूनच. पावसाळा लागला की शिडाच्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवत, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. रेवसची आगबोट चाले, पण तिचाही भरवसा नसे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशी गटारी अमावास्या होती. आपल्यातले जे तेव्हा लहान होते, त्यांना घरातली ती शांतता आजही आठवत असेल.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा आपण सर्व जाणतो. पुढे ही घरे गावोगाव पसरली आणि गावाचे नाव आडनाव झाले. किहीमकर, थळकर, आवासकर, नवगावकर, झिराडकर, दिवेकर, पेणकर. आडनावावरून असे वाटते की गाव आपल्या मालकीचे होते. तसे नव्हते. आपल्या बहुतेक घरांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली' हे नाव पडले. घाण्याला लागते काय? एक पडवी, लाकडी घाणा, एक बैल आणि तीळ-खोबरे. त्याला बिघ्यांनी जमीन लागत नाही. अनेकांचे घर गावठाणात, अंगणात चार माड, आणि तेवढीच सारी इस्टेट.

ज्यांच्याकडे वाडी होती त्यांचीही कहाणी ऐका. आगरातली वाडी म्हणजे नारळ, पोफळी, मध्ये केळी आणि आळू. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल, आणि पावसाळा सोडला तर रोजचे शिंपणे. समुद्र जवळ असल्याने उन्हाळ्यात विहीर मचूळ होण्याची भीती. वाडीने घर जगवले, तिश्रीतल्या खिरीच्या सणाला नारळाचा रस पुरवला, पण रोख पैसा थोडाच दिला. वडिलांच्या पाच मुलांत तिचे पाच हिस्से, नातवांत वीस. शेवटी एकेकाच्या वाट्याला झाडे मोजून येत. "तुझे सहा माड, माझे पाच," असे हिस्से आम्ही स्वतः ऐकले आहेत.

पुढे रॉकेल घरोघर पोहोचले, गिरणीचे तेल आले आणि घाणा मागे पडला. पण गाव सोडणे त्याच्याही आधी सुरू झाले होते. कंपनीच्या पलटणीत भरती झालेले आपले लोक अठराव्या शतकातच मुंबईला स्थिरावू लागले. 1796 साली मुंबईत पहिली मशीद बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे पलटणीतलेच अधिकारी, आणि आडनाव मात्र दिव्याचे. पगार आणि पेन्शन मुंबईत, घर कोकणात, अशी आपली रीत पडली. तरी गावे ओस पडली नव्हती. रेवदंड्याची मशीद 1842 ची, अलिबागची 1848 ची, आणि अलिबागला आजची इमारत 1910 साली उभी राहिली. माणसे राहत होती म्हणूनच मशिदी बांधल्या गेल्या.

आता नाजूक गोष्ट. "आमची जमीन कुळाने बळकावली" असे आपल्यात पुष्कळदा बोलले जाते. हे नीट समजून घ्यायला हवे. कोकणात खोत आणि सावकार पिकाचा मोठा वाटा घेत आणि कसणारा उपाशी राही. त्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावी 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी संप केला. सहा वर्षे त्यांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, जंगलातली लाकडे विकून दिवस काढले. त्यानंतर कायदे बदलले. 1948 चा कूळकायदा, 1949 चा खोती रद्द करण्याचा कायदा, आणि 1 एप्रिल 1957 हा 'कृषक दिन'. त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. विधवा आणि अज्ञान वारसांसाठी मुदत पुढे ढकलली होती, एवढेच. मालक परळला किंवा भायखळ्याला नोकरीवर आणि भात कसणारा कूळ, अशी ज्या घरांची स्थिती होती, त्यांची शेते अशी गेली. त्यात कुणाची लबाडी असेलही, पण बहुतेक ठिकाणी तो कायदाच होता. आणि ज्याने चिखलात पाय घातला त्याला जमीन मिळाली, याचे आपण तरी दुःख का मानावे?

म्हणजे इस्राएलला निघताना आपल्या वडिलांच्या हाती काय होते? घर, काही माड, आणि सामाईक सातबाऱ्यावर दहा-बारा नावे. गिऱ्हाईक कोण? शेजारीच, आणि त्याच्याही गाठी पैसा नव्हता. मुंबईच्या धनिकाला तिथे बंगला नको होता, कारण तिथे जायला धड वाट नव्हती. जमिनीची किंमत मातीवर नव्हे, वाटेवर ठरते. 1980 च्या दशकात थळला खताचा कारखाना आला, रस्ते झाले. मार्च 2020 मध्ये मोटारी घेऊन मांडव्याला जाणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून न्हावा-शेव्याला जाणारा अटल सेतू खुला झाला. आजचा भाव या वाटांचा आहे. आपल्या वडिलांनी सोने टाकले नाही. ते निघाले तेव्हा ते सोने नव्हतेच.

तरी एक चूक आमच्याकडून झाली, ती सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अश्दोदच्या घरी भारतातून एक पाकीट आले. आत हक्कसोड पत्र होते. नातलगांचाच कागद, म्हणून न वाचता चहा पिता पिता सही केली. पैशाचे दुःख नाही. पण त्या कागदावर वाडीची चतुःसीमा लिहिली होती, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, विहीर कुठे. त्याची नक्कलही आम्ही ठेवली नाही. आता सांगणारे कोणी उरले नाही.

म्हणून विनंती एवढीच. सातबाऱ्यावर नाव असेल तर सही करण्याआधी कागद वाचून घ्या आणि तिथल्या वकिलाला विचारा. ओसीआय कार्डवाल्याला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. आणि नाव नसले तरी एक काम करा. आपले घर कुठे होते, शेजारी कोण, कोणत्या विहिरीचे पाणी गोडे, आजीची कबर कोणत्या झाडाखाली, हे नातवाला सांगा आणि त्याच्याकडून लिहून घ्या. तो पुन्हा किहीमला जाईल तेव्हा भाव विचारण्याआधी वाट तरी विचारील.