मस्टरवरचं नाव

1972 साली मी आठ वर्षांचा होतो. माण तालुक्यातलं आमचं गाव. त्या वर्षी पाऊस आलाच नाही असं नाही. दोन सरी आल्या, त्यावर लोकांनी पेरलं आणि पेरलेलं जळून गेलं. दिवाळीच्या आतच दादा आणि आई दुष्काळी कामावर जायला लागले. गावापासून तीन मैलांवर पाझर तलाव चालू होता. आम्ही भावंडं सुकडी आणि परदेशी तांबड्या मिलोच्या भाकरीवर ते वर्ष काढलं. मिलोची चव अजून जिभेवर आहे. पण आज सांगायचंय ते वेगळंच.

तलावावर काम टोळीनं चाले. पुरुष टिकावानं खणत, बायका डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या वाहत. झालेल्या खोदाईचं माप घेतलं जाई, त्यावर पैसे ठरत आणि ते घरच्या पुरुषाच्या हातात पडत. आमच्या मस्टरवर दादांचं नाव होतं, पुढे 2 असा आकडा. त्या दोनातली एक म्हणजे आई. एका पगाराला तिनं विचारलं, "मुकादम, माजं नाव कुटं हाय ह्यात?" तो हसला. म्हणाला, "वैनी, पैसं घरातच येत्यात की!"

पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर जुनी गॅझेटियर्स चाळताना मला हा प्रश्न पुन्हा भेटला. 1876च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारी कामावर पुरुषाला दिवसाला 2 आणे, बाईला दीड आणा आणि पोराला 1 आणा असा दर होता. जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार तो घटवला. पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. बाईला तेवढ्याच धान्याची किंमत, पण वर पाव आणा. म्हणजे पोट सरकारनं सारखं धरलं आणि वरच्या पैशात बाई निम्म्यावर आली! हजारो मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. तक्रार सगळ्यांच्याच पोटाची होती. त्या पाव आण्यासाठी वेगळं कोणी भांडल्याचं मला तरी आढळलं नाही.

स्वातंत्र्यानंतर याच माणदेशाला लागून असलेल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, वि. स. पागे यांनी 1965 साली एक प्रयोग केला : जो काम मागेल त्याला काम. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. त्यातून रोजगार हमी योजना आली, आणि 1977 साली विधिमंडळानं तिचा कायदा केला. 26 जानेवारी 1979पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता. (हा भत्ता हातात पडलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही, हेही सांगायला हवं.) खर्चाला शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. मुख्य म्हणजे दर कामाला लावला. बाईचा वेगळा, गड्याचा वेगळा असं राहिलं नाही. देशात समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला होता, पण आमच्या शिवारात तो कोणाला ठाऊक होता?

शिवारात गड्याला दोन रुपये तर खुरपणीला बाईला सव्वा रुपया, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रोजगार हमीचं काम निघालं की मळेवाले कुरकुरत, "आता बायका मिळंनात." मिळत होत्या, फक्त सव्वा रुपयात मिळत नव्हत्या.

तरी फरक गेला असं मी म्हणणार नाही. तो दरातून निघून टोळीत जाऊन बसला. पैसे खोदाईच्या मापाला होते, आणि खणणार कोण? आमच्या आळीत एक विधवा होती. पाट्या वाहण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण बरोबर खणणारा गडी नाही म्हणून तिला टोळीत घेईना कोणी. शेवटी तीन-चार एकट्या बायकांनी मिळून स्वतःच टिकाव हाती घेतला. पहिल्या मापाला त्यांचा खड्डा पुरुषांच्या टोळीपेक्षा उथळ निघाला, पैसेही कमी मिळाले. दुसऱ्या आठवड्यालाही त्या कामावर आल्या.

2005च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात किमान एक तृतीयांश स्त्रियांना काम देण्याची तरतूद झाली. महाराष्ट्राच्या कामांवर त्याच्या कितीतरी आधी बायकांची मोठी गर्दी असे.

1980च्या उन्हाळ्यात आई नालाबांधावर होती. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आलो होतो. पगाराच्या दिवशी ती मला बरोबर घेऊन गेली. अंगठा उठवण्याआधी म्हणाली, "कुटं हाय ते बोट ठिवून दाव." मी दाखवलं. नाव बरोबर होतं, आडनाव मात्र शेजारणीचं पडलं होतं. मुकादमाकडून पेन घेऊन ते मी तिथंच दुरुस्त केलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)