विहिरीचे नाव, छागलीचे गाव

बीड शहराच्या नावाविषयी ज्या आख्यायिका वृद्धांच्या तोंडी ऐकू येतात, त्यांतली एक अशी की दुर्गावती, बलनी, चंपावतीनगर अशी नामांतरे होत होत हे गाव मुसलमानी अमदानीत आले, तेव्हा बालाघाटाच्या पायथ्याशी फार खोल न खणताच येथे पाणी लागले, आणि अरबी भाषेत विहिरीला जो ‘बिअर’ शब्द आहे तोच या वस्तीला कायमचा चिकटला. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीला हे कितपत उतरेल याचा निवाडा पंडितांनी करावा. मला ही आख्यायिका प्रिय आहे, कारण ज्या जिल्ह्याचे नाव दर उन्हाळ्यात टँकरच्या बातम्यांत वाचावे लागते, त्याच्या नावातच विहीर आहे, ही गोष्ट मनाला धीर देते.

हे नामकरण मुहंमद तुघलकाच्या नावावरही सांगितले जाते. वरंगळच्या स्वारीवरून आजारी अवस्थेत परतत असता त्या सुलतानाचा एक दात बीड मुक्कामी पडला, तो त्याने मोठ्या इतमामाने पुरला व त्यावर वास्तू उभारली, असे फिरिश्ता लिहितो. करजणीच्या बाजूस टेकडीवर ती आजही दाखवतात. तथापि या गावाने खऱ्या जिव्हाळ्याने जतन केली ती सुलतानाच्या दाताची स्मृती नव्हे, तर पाण्याची.

पेठ बीडच्या अंगाला कंकालेश्वराचे देवालय आहे. चौफेर बांधीव कुंड, कुंडात पाणी, आणि पाण्याच्या मधोमध काळ्या पाषाणाचे, तीन गर्भगृहांचे, तारकाकृती तळविन्यासाचे ते मध्ययुगीन मंदिर. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते, तेव्हा चार पावलांच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पाणी आहे याचे लहान मुलांना जे अप्रूप वाटते, ते कोरड्या मुलखातल्या मुलांनाच वाटू शकते. देवाला पाण्यात बसवणाऱ्या त्या अज्ञात शिल्पींनी या प्रदेशात अत्यंत दुर्लभ काय व अत्यंत पवित्र काय, याचे उत्तर एकाच वास्तूत देऊन ठेवले आहे.

पाण्याच्या शास्त्राचे खरे वैभव पाहावयाचे तर मात्र गावाबाहेर, दक्षिणेस सोलापूरच्या रस्त्याने सुमारे 6 किलोमीटर जावे लागते. नगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दीत, म्हणजे 1565 ते 1588 या अवधीत, बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. नगरजवळच्या डोंगरावर ज्या मनोऱ्याला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती वस्तुतः याच सलाबतखानाची कबर. त्याने राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराकडून जी विहीर बांधून घेतली, ती खजाना बावडी. सरकारजमा व्हावयाचा महसूल जहागीरदाराने या विहिरीवर खर्च केला आणि जाब विचारला गेला तेव्हा खजिना जमिनीत सुरक्षित आहे असे उत्तर दिले, अशी दंतकथा गावात सांगतात. दफ्तरात तिला आधार असो वा नसो, चार शतकांच्या रयतेने त्या जाबसालाचा निकाल जहागीरदाराच्या बाजूने दिलेला आहे.

विहीर वाटोळी, दगडी. पायऱ्या उतरून खाली गेले की बाहेरच्या उन्हाची तिरीप मागे राहते, पाण्यालगत भोवताली फिरता येईल अशी बांधीव ओवरी लागते, आणि डोळे अंधाराला सरावले म्हणजे दगडी बांधकामात तीन वाटा दिसू लागतात. दोहोंतून भूगर्भातले झरे आत येतात; तिसरीतून पाणी बाहेर पडते आणि जमिनीच्या पोटातून वाहत कित्येक मैलांवरच्या बलगुजारच्या शिवाराला जाऊन मिळते. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. केवळ उताराचे गणित. कानोसा घेतला तर पाणी चालत असल्याचा अगदी हलका आवाज येतो, आणि विहिरीचे पाणी स्थिर असते या आपल्या आजन्म समजुतीला तेथे प्रथम तडा जातो. इराणातील कनातींची, म्हणजे भुयारी जलवाहिन्यांची, ही विद्या दक्षिणेत बिदरला, नगरच्या खापरी नळांत आणि पुढे मलिक अंबराच्या औरंगाबादेतील नहरींत दिसते. त्या मोठ्या राजधान्यांच्या पंक्तीला बीडसारखे जहागिरीचे गाव बसावे, याचा आम्हा बीडकरांनी जितका अभिमान बाळगावयास हवा तितका आम्ही बाळगलेला नाही.

जहागीरदाराचे नाव राहिले, स्थापत्यकाराचेही राहिले. ज्यांचे राहिले नाही त्यांच्याविषयी मला अधिक लिहावयाचे आहे.

हैदराबादच्या निजामी अमदानीत बीड हे चामड्याच्या कामासाठी, विशेषतः छागलींसाठी, म्हणजे पाण्याच्या कातडी पिशव्यांसाठी, प्रख्यात होते; काठीच्या पोटात पाते दडवलेल्या गुप्त्याही येथल्याच. पखाल ती मोठी, भिस्त्याने पाठीवर किंवा रेड्यावर वाहून नेण्याची. छागल ती लहान, प्रवाशाच्या खांद्याला, घोड्याच्या खोगिराला अथवा बैलगाडीच्या साटीला टांगण्याची. संस्कृतात छाग म्हणजे बोकड, आणि वस्तूचे नाव तिच्या कातड्यावरूनच पडले. कमावलेले कातडे बेतून शिवावे, तोंडाला दट्ट्या बसवावा, आणि शिवण अशी घट्ट असावी की पाणी टाक्यातून गळू नये, परंतु कातड्याच्या अंगातून मात्र किंचित पाझरावे. कारण हा पाझरच वाऱ्याने उडून जाताना आतले पाणी गार करतो. फार पाझरली तर वाट संपण्याआधी पाणी संपावे, मुळीच न पाझरली तर पाणी ऊन राहावे. या दोहोंमधला नेमका बिंदू साधणे हीच त्या कारागिराची विद्या, आणि ती कोणत्याही मदरशात शिकवली जात नव्हती. राजुरी वेशीतून किंवा कोतवाली वेशीतून वैशाखाच्या उन्हात बाहेर पडणारा माणूस, मग तो दौऱ्यावर निघालेला तालुकदार असो वा बाजार आटोपून परतणारा कुणबी, त्या बोटांच्या भरवशावर निघत असे.

विचार करू लागलो की मन अस्वस्थ होते. मळ्यातली मोट चामड्याची, भिस्त्याची पखाल चामड्याची, वाटेवरची छागल चामड्याची. गावाचे पाणी असे चामड्यातून फिरत असता, ते चामडे शिवणाऱ्याला मात्र गावाच्या पाणवठ्यावर हात लावण्याची मुभा नव्हती. त्याने शिवलेल्या मोटेचे पाणी देवाच्या अभिषेकाला चाले, तो चालत नसे. बारवांवर, मशिदींवर बांधणाऱ्यांचे शिलालेख असतात. छागलीवर नाव घालण्याची रीत नव्हती. बीडची कीर्ती ज्यांनी दूरदूरच्या बाजारांत पोचवली त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला देता येत नाही, ही या लेखातली उणीव नसून आमच्या इतिहासातली आहे.

पुढे किरमिचाची म्हणजे जाड कापडाची छागल आली, मालमोटारींच्या व जीपगाड्यांच्या पुढल्या अंगाला लोंबकळू लागली. मग थर्मास, मग प्लास्टिकची बाटली. बिंदुसरा, जिला गावात बेंडसुराही म्हणतात, तिच्यावर 1950 च्या दशकात पालीजवळ धरण झाले आणि शहराचे पाणी नळांतून येऊ लागले. एरवी पावसाळ्याखेरीज पाऊल बुडेल एवढेही पाणी नसणारी ही नदी 23 जुलै 1989 रोजी अशी फुगली की काठच्या वस्त्या वाहून गेल्या, माणसे दगावली. कोरड्या नदीचे भय बाळगावयाचे असते हे त्या दिवशी गावाला कळले.

आमच्या घरी माजघराच्या खुंटीला आजोबांची कातडी छागल होती. चैत्र लागला की ते तिला दोन दिवस पाण्यात भिजत ठेवीत, दोनदा भरून ते पाणी तुळशीला नव्हे, आळूच्या वाफ्याला ओतीत, आणि तिसऱ्या खेपेचे पाणी स्वतः प्रथम पिऊन मगच आम्हा मुलांना देत. त्या पाण्याला कातड्याचा अगदी पुसट वास येई, आणि ते दातांना झिणझिण्या आणण्याइतके गार असे. आजोबा गेल्यावर दोन उन्हाळे ती छागल कोणी भरली नाही. तिसऱ्या वर्षी मी ती खुंटीवरून काढली तेव्हा कातडे वाळून कडक झाले होते, ठिकठिकाणी चिरा पडल्या होत्या. शिवण मात्र कोठेही उसवलेली नव्हती.