पिस्तूल नेमबाजी: १० मीटरवरून ‘दहा’ कसा लागतो? रेंजवरच्या सरावाची A टू Z नव्हे, पण कामाची सगळी माहिती

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचं ब्राँझ जिंकलं. त्याच ऑलिंपिकमध्ये हरियाणातल्या गोरिया गावच्या मनू भाकरने पिस्तुलात दोन ब्राँझ पदकं घेतली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने तर २०१८ लाच आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं होतं. त्यामुळे ‘आमच्या पोराला, पोरीला पिस्तूल शिकायचंय, काय करावं लागतं?’ हा प्रश्न आता गावातही निघतो.

अनेकांना वाटतं, नजर तेज असली की नेम लागतो. रेंजवर गेलं की कळतं, नेम डोळ्यापेक्षा चापावरच्या बोटात असतो. ते कसं, ते सविस्तर पाहू.

सुरुवात एअर पिस्तूलपासूनच

नवीन खेळाडू १० मीटर एअर पिस्तूलपासून सुरुवात करतो. यात दारूगोळा नसतो. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. पिस्तूल एकाच हाताने धरायचं असतं, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. पिस्तुलाचं वजन दीड किलोपेक्षा जास्त नको आणि चाप किमान ५०० ग्रॅम जोर लावल्यावरच सुटायला हवा, असा नियम आहे.

समोर १७ सेंटिमीटरचं चौकोनी टार्गेट. त्यातला काळा गोल जवळपास ६ सेंटिमीटरचा. मधला ‘दहा’ मात्र फक्त ११.५ मिलिमीटरचा, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढा. मुख्य फेरीत ६० फैरी, वेळ ७५ मिनिटं, कमाल गुण ६००.

आधी शिस्त, मग नेम

कोणत्याही चांगल्या रेंजवर पहिला धडा सुरक्षेचा असतो.

- पिस्तूल रिकामं असलं तरी भरलेलंच आहे असं समजायचं.
- नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. बोलायला वळलात तरी पिस्तूल वळता कामा नये.
- नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर.
- हुकूम मिळाल्याशिवाय छर्रा भरायचा नाही. ‘स्टॉप’ म्हटलं की जागच्या जागी थांबायचं.
- सराव संपला की नळीत रंगीत सुरक्षा दोरी घालायची, म्हणजे पिस्तूल रिकामं आहे हे लांबूनही दिसतं.
- छर्रे शिशाचे असतात. हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

उभं कसं राहायचं?

पाय खांद्याएवढे फाकवून, वजन दोन्ही पायांवर सारखं. मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवायचा, नाहीतर तो लोंबकळून अंग हलवतो.

आता एक सोपी चाचणी. डोळे मिटा, हात उचला, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे किंवा उजवीकडे गेलं असेल तर मनगट वळवू नका. पाय थोडे सरकवा. मनगटाने ओढून आणलेला हात काही फैरींनंतर थकतो आणि आपल्या मूळ जागी परत जातो.

नजर टार्गेटवर नाही, पुढच्या टोकावर

पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि नळीच्या पुढच्या बाजूला एक टोक. टोक खाचेच्या बरोबर मध्ये हवं, दोन्ही बाजूंना उजेडाची फट सारखी हवी आणि दोघांचा माथा एका रेषेत हवा.

डोळा एका वेळी एकच अंतर स्वच्छ बघू शकतो. म्हणून पुढचं टोक स्वच्छ आणि टार्गेट पुसट, असंच दिसायला हवं. नवशिक्या नेमका उलटं करतो.

याचा हिशोब बघा. टोक आणि खाच यांत ३३ सेंटिमीटर अंतर धरू. सगळा हात सरळच्या सरळ १ मिलिमीटर सरकला तर छर्राही १ मिलिमीटरच सरकतो, ‘दहा’ कायम राहतो. पण टोक खाचेत १ मिलिमीटर तिरकं झालं, तर १० मीटरवर ती चूक तीसपट होते. छर्रा ३ सेंटिमीटर बाजूला जातो आणि दहाच्या जागी सात लागतो.

म्हणून बहुतेक खेळाडू काळ्या गोलाच्या मध्यावर नेम धरतच नाहीत. घड्याळात जिथे सहाचा आकडा असतो, त्याच्या खाली पांढऱ्या भागात धरतात. तिथे काळं टोक स्वच्छ दिसतं.

चाप: खरी परीक्षा इथेच

हात हलणारच. ऑलिंपिकवाल्यांचाही हलतो. नवशिक्या काय करतो? टोक हलत हलत नेमक्या जागी आलं की ‘आत्ता!’ म्हणून चाप झटकन ओढतो. त्या झटक्याने नळी हलते. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या फैरी सारख्या डावीकडे खाली जात असतील, तर पहिला संशय या झटक्यावरच घ्या.

उपाय एकच. हात थोडा हलू द्यायचा, पण टोक खाचेत सरळ ठेवून चापावरचा जोर सावकाश, सरळ मागे वाढवत जायचा. फैर कधी सुटली हे आपल्यालाही अचानक कळलं पाहिजे. सुटल्यावर लगेच हात खाली नको. एक-दोन सेकंद तसंच धरून ठेवा.

श्वास अर्धा सोडून थांबवा आणि पाच ते आठ सेकंदांत फैर सोडा. तेवढ्यात जमलं नाही तर हात खाली घ्या, परत सुरू करा. हात खाली घेणं ही हार नाही. वाईट फैर न मारणं हाही सरावच आहे.

छर्र्याविना सराव

याला ‘ड्राय’ सराव म्हणतात. छर्रा न भरता, कोऱ्या पांढऱ्या कागदाकडे बघत फक्त टोक आणि चाप यांवर लक्ष द्यायचं. चाप सुटताना टोक हललं का, एवढंच बघायचं. बहुतेक एअर पिस्तुलांना यासाठी वेगळी सोय असते. खर्च शून्य, फायदा सगळ्यात जास्त. घरी पिस्तूल नसेल तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली खांद्याच्या उंचीला धरून हात तयार करता येतो. खांदा दुखायला लागला की थांबा.

वही ठेवा

स्क्रीन बघण्याआधी ‘फैर कुठे गेली असेल’ ते स्वतःशी सांगा, मग बघा. पाच फैरी एका जागी गोळा झाल्या पण मध्यापासून लांब असतील, तर पिस्तुलाचा स्क्रू फिरवायचा. फैरी विखुरल्या असतील तर स्क्रूला हात लावू नका, चूक आपल्या हातात आहे. हे सगळं रोज वहीत लिहा.

पुढे २५ मीटर

राहीचा प्रकार हा. यात .२२ ची खरी गोळी असते. निम्म्या फैरींत टार्गेट फक्त ३ सेकंद समोर येतं, मग ७ सेकंद गायब. खाली ४५ अंशांवर धरलेला हात उचलून तेवढ्यात एक फैर मारायची. एअर पिस्तुलावर चाप पक्का झाल्याशिवाय इकडे घाई नको.

कायदा काय म्हणतो?

४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. .२२ ला लागतो. छर्र्याच्या बंदुकीने रानातले पक्षी मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. गावठी कट्टा जवळ बाळगणं म्हणजे थेट तुरुंगाची वाट, मग तो फक्त रीलसाठी हातात घेतलेला असला तरी. लग्नात, मिरवणुकीत बेदरकारपणे गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पालकांसाठी

पहिल्याच महिन्यात महागडं पिस्तूल घेऊन देऊ नका. क्लबच्या पिस्तुलावर काही महिने जाऊ द्या. पोरगं रोज वही लिहितंय का, चिडल्यावर हात खाली घेतंय का, हे बघा. पॅरिसच्या अंतिम फेरीत मनू भाकर अवघ्या ०.१ गुणाने मागे पडली आणि रौप्याच्या शर्यतीतून बाहेर गेली. त्याआधी टोकियोत ऐन स्पर्धेत तिचं पिस्तूल बिघडलं होतं. तरी ती परत रेंजवर गेली. पिस्तूल विकत मिळतं, हा धीर मात्र रोजच्या सरावातूनच येतो.