स्टेम सेल, कातडी आणि आपल्या नाक्यावरचा फ्लेक्स

पोस्ट जरा लांब आहे. चहा घेत वाचा.

१९८३ चा जुलै. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ अंगाला लागलेला रंग सॉल्व्हंटने काढत होते. तेवढ्यात काडी पेटली आणि दोघंही नव्वद टक्क्यांहून जास्त भाजले. एरवी डॉक्टर मांडीची कातडी काढून जखमेवर लावतात. इथं काढणार कुठून?

बोस्टनच्या डॉक्टरांनी शिल्लक कातडीचे छोटे तुकडे घेतले. हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचा विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी बशीत वाढवायची रीत १९७५ मध्येच छापली होती. गंमत म्हणजे ते कातडीच्या मागे नव्हतेच, उंदराच्या गाठीवर काम करताना हे हाती लागलं. खाली किरण मारून वाढ थांबवलेल्या उंदराच्या पेशींचा थर, त्याच्या आधारानं वर माणसाच्या पेशी. कातडीच्या तळातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वाढत जातात आणि काही आठवड्यांत पातळ पापुद्रे तयार होतात. त्या पोरांचं जवळपास निम्मं अंग अशा पापुद्र्यांनी झाकलं. दोघंही वाचले.

२०१५ मध्ये जर्मनीत बोखुमला सात वर्षांचा सीरियन निर्वासित मुलगा आला. जन्मजात आजारानं कातडी सोलून निघत होती. इटलीच्या मिकेले दे लुका यांनी त्याच्याच पेशींमध्ये दुरुस्त जनुक घातला, कातडी वाढवली आणि ऐंशी टक्के अंगावर नवी कातडी बसली.

पण या कातडीला घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात. ती नाजूक, महाग आणि जंतुसंसर्ग झाला तर वाया जाणारी.

हे सगळं आज लिहितोय कारण आपल्या नाक्यावर फ्लेक्स लागलाय: 'स्टेम सेलने शुगरची जखम बरी'. नाव घेत नाही. फोन करून विचारलं, पेशी वाढवता कुठं? उत्तर आलं, "आधी ॲडव्हान्स भरा, मग डॉक्टर सांगतील." मला तर हसावं की रडावं कळेना.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे: रक्ताच्या आजारांसारख्या ठराविक कारणांसाठीचं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच, आणि त्या चाचणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. तेव्हा कुणाच्या घरी पायाची जखम चिघळलेली असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात सर्जनला दाखवा. आणि फ्लेक्सवाल्यांकडं गेलातच, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.